‘बी’ बाजू बेसूर आहे, आणि ते व्हिडिओत दिसत नाही

मिरज, १० मार्च २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(आपले नाव तुमच्या संकेतस्थळावर द्यायला हवे होते. मला ते सापडले नाही, म्हणून नुसते पद लिहितो.)

विषय : सदोष एलपी रेकॉर्ड परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत. ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहे.

महोदय / महोदया,

९ जानेवारीला मी तुमच्याकडून हेली हेंडरिक्स या गायिकेची ‘सीड ऑफ अ सीड’ ही नवी एलपी मागवली. किंमत ३,८९० रुपये, वर कुरिअरचे १५०, सगळे आगाऊ भरले. पानावर ‘स्टॉकमध्ये उपलब्ध’ लिहिले होते, रेकॉर्ड हातात पडली ३ फेब्रुवारीला. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. आमचा धंदा तंबोरे-सतारी करण्याचा, आम्हीही गिऱ्हाइकाला पंधरा दिवस सांगून महिना लावतो.

तक्रार रेकॉर्डच्या दुसऱ्या, म्हणजे ‘बी’, बाजूबद्दल आहे. तिचे मधले छिद्र मध्यावर नाही. नेमके सांगायचे तर त्या बाजूची खोबण छिद्राभोवती सारखी बसलेली नाही, एका अंगाला सरकली आहे. त्यामुळे रेकॉर्ड फिरताना सुईचा दांडा पाळण्यासारखा आत-बाहेर झुलतो आणि प्रत्येक फेरीला सूर एकदा चढतो, एकदा उतरतो. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. दर १.८ सेकंदांनी हा झोका येतो, अगदी घड्याळ लावून.

हे मी शोधून काढले असे नाही. त्या संध्याकाळी कामे आटोपल्यावर कारखान्यातच रेकॉर्ड लावली होती. पहिली बाजू छान वाजली. दुसरी लावली तेव्हा आमच्याकडे चाळीस वर्षे जवारी काढणारे, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून देणारे, चाचा कोपऱ्यात घोडीवर कानस मारत बसले होते. त्यांना इंग्रजी कळत नाही, ही बाई कोण तेही माहीत नाही. मान वर न करता म्हणाले, “कुणाची तार उतरतीया बघ. खुंटी ढिल्ली हाय तिची.” मी म्हटले, चाचा, रेकॉर्ड आहे. तेव्हा ते उठून आले, प्लेअरपाशी वाकले, दांड्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “खुंटी नाही, आसच वाकडा हाय.”

त्यानंतर मी जे तपासले ते तुमच्या तंत्रज्ञांसाठी लिहितो. दांड्याच्या टोकाखाली मिलिमीटरचा कागद धरला. झोका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मिलिमीटर भरला, म्हणजे केंद्र १ मिलिमीटर सरकले आहे. कानाला हे फार लागत नसेल असे तुम्हाला वाटेल, तर हिशेब करू. बाजूच्या शेवटी सुई केंद्रापासून साधारण ६ सेंटिमीटरवर असते. तिथे १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सूर १.६ टक्क्यांहून जास्त वर आणि तितकाच खाली. दोन्ही मिळून, पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जे अंतर असते, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. आमच्याकडे अर्ध्या श्रुतीवरून भांडणे होतात!

प्लेअर बिघडला असेल का, हेही पाहिले. वडिलांच्या संग्रहातली भीमसेनजींची जुनी एलपी लावली. मागचा तंबोरा खांबासारखा स्थिर. आणखी तीन रेकॉर्ड लावल्या, त्याही ठीक. मग याच रेकॉर्डची पहिली बाजू पुन्हा लावली, ठीक. एकाच रेकॉर्डची एक बाजू सरळ आणि दुसरी वाकडी, असे कारखान्यातच होऊ शकते. दोन्ही बाजूंचे साचे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचे केंद्र वेगळे पाडतात. वाटेत कुरिअरवाल्याने आपटली तर रेकॉर्ड वाकेल, तडकेल, पण खोबणीचे केंद्र सरकणार नाही. ही रेकॉर्ड सपाट आहे, खोके शाबूत होते, ओरखडा एकही नाही.

आता हे इतके मनाला का लागले, ते सांगतो. तुमच्या चॅटवरच्या मुलाने ‘सर, थोडं ॲडजस्ट करून ऐका’ असे लिहिले होते, त्याच्यासाठी.

ही गायिका ऑरेगन राज्यातली, फिलिपिनो-अमेरिकन घरातली. पहिली एलपी २०१८ मध्ये पोर्टलंडच्या एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढली. दुसरी, म्हणजे ही, १ नोव्हेंबर २०२४ ला आली. मध्ये साडेसहा वर्षांहून जास्त काळ गेला. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने तिची गाणी मोबाइलवर पाठवली, “बाबा, हिचा अंगठा ऐका” असे लिहून. मी ऐकला. गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने खर्ज धरून ठेवायचा, थांबू द्यायचा नाही, आणि बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर सूर काढत राहायचे. आवाज बारीक, जपून टाकलेला. मागे अधूनमधून चेलो. ज्याचा जन्म तंबोऱ्याच्या चार तारा जुळवण्यात गेला त्याला असा अंगठा कळतो. या चालीचा मोठा माणूस म्हणजे अमेरिकन गिटारवादक जॉन फाही. त्याच्यावर आपल्या रागसंगीताचाही परिणाम होता. शेवटची वर्षे त्याने ऑरेगनमध्येच काढली आणि २००१ मध्ये तिथेच गेला. या रेकॉर्डवरच्या एका गाण्याचे नावच ‘सॉरी फाही’ आहे. मला हे फार आवडले. आमच्यातही गुरूची चीज गाताना कानाची पाळी धरतात.

ढोल-ताशे, ड्रम, चार इलेक्ट्रिक गिटारी असत्या तर हा झोका त्या गोंगाटात लपला असता. इथे लपायला जागाच नाही. मोकळी तार छेडली, ती हवेत राहिली, आणि संपेपर्यंत दोनदा हलली. सगळे गाणे त्या राहिलेल्या तारेवर उभे आहे. ‘ॲडजस्ट’ काय करू, कान?

(रेकॉर्डच्या नावाचा अर्थ बियाचे बी, आणि नासली तीही बी बाजूच. चाचांना हे सांगितल्यावर ते दोन दिवस हसत होते. तुमच्यामुळे झालेला एवढाच फायदा.)

तुमचा पत्रव्यवहार असा झाला. मी ४ फेब्रुवारीला ई-मेल केला. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की तक्रार पोचल्याची पावती ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. तुमचे पहिले उत्तर १३ तारखेला आले. त्यात लिहिले होते की थोडी कुरकुर हा ‘विनाइलचा (रेकॉर्डच्या प्लॅस्टिकचा) नैसर्गिक गुणधर्म’ आणि ‘ॲनालॉगचा गोडवा’ आहे. मी कुरकुरीबद्दल एक अक्षर लिहिले नव्हते. धुळीचा आवाज आणि सुराचा झोका यांतला फरक न समजणाऱ्याच्या हाती रेकॉर्डच्या तक्रारी देणे म्हणजे सुताराकडे दात दाखवण्यासारखे आहे.

१८ तारखेला दुसरे उत्तर आले. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ’ जोडला नसल्याने तक्रार बंद केली, असे त्यात होते. साहेब, खोके उघडताना मी व्हिडिओ काढला असता तर त्यात काय दिसले असते? एक म्हातारा चाकूने चिकटपट्टी कापतो आहे, काळी चकचकीत तबकडी बाहेर येते आहे, आणि ती अगदी निर्दोष दिसते आहे. हा दोष उघडताना दिसत नाही, वाजवताना ऐकू येतो. म्हणून मी तुम्हाला दोन मिनिटांचे रेकॉर्डिंग आणि दांडा झुलतानाचा व्हिडिओ पाठवला. तो कुणी उघडलाही नाही, कारण पुढच्या उत्तरात पुन्हा अनबॉक्सिंगचाच व्हिडिओ मागितला.

आम्ही भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून आणतो. तडा गेलेला भोपळा वरून कधी कधी कळत नाही, पण टिचकी मारली की आवाज बद्द येतो. मी टिचकी मारतो, शेतकरी ऐकतो, आणि भोपळा बाजूला ठेवतो. दोघांपैकी कुणीही व्हिडिओ मागत नाही.

२६ तारखेला तुम्ही ५०० रुपयांचे कूपन पाठवले. मुदत तीस दिवस, आणि वापरायचे तर किमान ३,००० रुपयांची खरेदी. म्हणजे बिघडलेल्या वस्तूची भरपाई म्हणून मी तुमच्याकडे आणखी अडीच हजार भरायचे. हे कूपन मी वापरलेले नाही आणि वापरणार नाही. त्याला माझी संमती समजू नये.

एका माहितगाराने सुचवले की छिद्र कानसून थोडे मोठे करा आणि दर वेळी हाताने मध्यावर बसवा, लोक करतात. आमच्याकडे तांदळाच्या दाण्याएवढ्या कानशीपासून मनगटाएवढ्या कानशीपर्यंत सगळ्या आहेत, आणि त्या चालवणारे हात तुमच्या कुठल्याही गोदामात मिळणार नाहीत. पण बाजू अ ठीक आहे. बी साठी छिद्र वाढवले तर अ बिघडेल. आणि नव्या वस्तूला कानस लावायची हे विकत घेणाऱ्याचे काम नव्हे.

जाता जाता, रेकॉर्ड आयात केलेली आहे, तरी तुमच्या पानावर किंवा वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता कुठेच नाही. तेही द्यायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रेकॉर्ड तुमच्या खर्चाने मिरजेतून उचलून न्या. कुरिअरसकट ४,०४० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करा, कूपन नको. दुसरी प्रत देणार असाल तर मला तीही चालेल, किंबहुना जास्त आवडेल, कारण मला पैसे नकोत, ही रेकॉर्ड हवी आहे. पण ती पाठवण्यापूर्वी तुमच्याकडे कुणीतरी दुसरी बाजू लावून दांड्याकडे बघावे. एकाच खेपेतल्या सगळ्याच प्रतींचा साचा सरकलेला असू शकतो. तसे असेल तर लेबललाही कळवा, कारण नाव गायिकेचे खराब होते आहे आणि चूक तिची नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मिरजेहून सांगली दहा किलोमीटर आहे. मी तंबोरे पोचवायला आठवड्यातून दोनदा जातोच. सुनावणीला प्लेअरही घेऊन येईन, आणि चाचांनाही.

सोबत : बिलाची प्रत, ई-मेलच्या प्रती, दांड्याचा व्हिडिओ, दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण (हेडफोन लावून ऐकावे, विशेषतः शेवटची वीस सेकंदे).

कळावे,

आपला,
एक ग्राहक
मिरज, जि. सांगली