घरातली मिडल वॉच

वास्को, गोवा
१२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गुरुवारी दुकानात मिळाले. येत्या ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त, फोंड्यातल्या तुमच्या मंडळातर्फे जवानांना खोकी पाठवायची, त्यांत इन्स्टंट कॉफीच्या पुड्या आणि च्युइंगम घालायचे, आणि कोणते च्युइंगम चांगले व कॉफी किती द्यावी हे औषधविक्रेता या नात्याने मी कळवावे, असे तू लिहिले आहेस. तुमची ही कल्पना मनापासून सुचलेली आहे हे मी जाणतो, म्हणूनच उत्तर घाईघाईने न खरडता दोन दिवस विचार करून लिहितो आहे. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी तू विचारलेले सांगतो. जागे राहण्यासाठी कॅफीन घातलेले च्युइंगम ही नुसती बाजारातली नवलाई नाही. अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेने त्यावर पुष्कळ काम केले आहे आणि तिकडच्या सैनिकांच्या शिध्यातही ते दिले गेले आहे. त्याच्या एका तुकड्यात १०० मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे आपल्या घरच्या चहाच्या दोन-तीन कपांइतके. चहातले कॅफीन पोटातून आतड्यात आणि तिथून रक्तात जाते, त्याला वेळ लागतो. च्युइंगम पाच मिनिटे चघळले की त्यातले सुमारे ८५ टक्के कॅफीन लाळेत सुटते आणि त्यातले काही गालाच्या आतल्या पातळ अस्तरातूनच थेट रक्तात शिरते. पहाऱ्यावरच्या माणसाला त्यासाठी पाणी तापवावे लागत नाही, पेला धरावा लागत नाही, हात मोकळे राहतात. त्याच्या कामाला ते योग्यच आहे.

च्युइंगमचे आणि सैनिकांचे नाते याहूनही जुने आहे. तुझ्या परसातल्या चिकूचे कच्चे फळ तोडताना देठातून जो पांढरा चीक बोटांना लागतो आणि खोबरेल तेल चोळल्याशिवाय सुटत नाही, तोच चीक मध्य अमेरिकेत झाडाला खाचा पाडून गोळा करत, कढवत, आणि त्यापासून पूर्वी च्युइंगम बनवत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, रिग्ली कंपनीने आपले नावाजलेले सगळे च्युइंगम सैन्याकडे वळवले आणि घरच्या गिऱ्हाइकांना जाहिरातीत नुसते रिकामे वेष्टन दाखवून ते लक्षात ठेवायला सांगितले. ही हकीकत मी फार वर्षांपूर्वी वाचली होती, पण यंदाच्या चतुर्थीनंतर ती मला वारंवार आठवते. लांबच्या शिपायाला वस्तू आणि त्याच्या घरच्यांना वेष्टन, अशी वाटणी आपण सगळेच नकळत करत आलो आहोत, असे मला वाटू लागले आहे. का, ते सांगतो.

आमच्या धाकटीचे, म्हणजे बहिणीचे, घर तू पाहिले आहेस. मेहुणे जूनपासून नौदलाच्या जहाजावर आहेत. जहाज कुठे आहे हे तिला बहुतेक वेळा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी आपण ते विचारायचे नसते. घरात तीन वर्षांचा भाचा आहे आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. अंथरुणातल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही तर पाठीला जखमा होतात, हे मी दुकानात येणाऱ्या कितीतरी लोकांना सांगितले असेल. पण दर दोन तासांनी म्हणजे रात्री बारालाही, दोनलाही आणि चारलाही, याचा अर्थ मला तिच्या घरी एक रात्र काढेपर्यंत कळला नव्हता.

ती रात्र चतुर्थीनंतरच्या आठवड्यातली. गेल्या सुट्टीत मेहुण्यांनी परदेशातल्या एका बंदरावरून आणलेले कॅफीनच्या च्युइंगमचे पाकीट तिच्या फ्रिजवर पडून होते. संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, हे खाल्ले तर चालेल का रे? आज डोळे मिटतायत." दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, एखादे खा, काही होत नाही. तिने दिवसभरात किती चहा घेतला आहे, हे मी विचारले नाही. तीस वर्षे औषधे विकणाऱ्या माणसाने विचारायला हवे होते, आणि ही चूक माझी मला अजून टोचते.

तिने नऊला एक तुकडा खाल्ला, साडेदहाला दुसरा. त्याआधी पाच कप चहा झाला होता. एका कपात ४० मिलिग्रॅम धरले तर ते २०० झाले, आणि वर हे २०० फक्त दीड तासात. निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे सांगतात, म्हणजे आकड्याच्या हिशेबाने ती मर्यादेत होती. पण उपाशीपोटी, अर्धवट झोपेवर आणि रात्रीच्या वेळी शरीर आकडे पाहत नाही. दीड वाजता पुन्हा फोन आला. छातीत धडधड, हाताला कंप. मी स्कूटर काढली.

दार उघडे ठेवून ती सोप्यावर भिंतीला टेकून बसली होती. मी नाडी मोजली, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिला थोडे थोडे पाणी पाजले आणि लक्ष ठेवून राहिलो. दोन वाजले तशी ती त्याच थरथरत्या हातांनी उठू लागली, कारण सासूबाईंना वळवायची वेळ झाली होती. मी तिला बसवले आणि म्हटले, मला सांग, मी करतो. ती बसल्या जागेवरून सांगत गेली: डावा हात आधी छातीवर घ्यायचा, गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम आपल्याकडे ओढायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याची घडी ठेवायची, आणि मग पाठीवरून हात फिरवून कुठे लाल डाग उठलाय का ते पाहायचे. सासूबाईंचा चांगला हात खाटेची कड घट्ट धरून होता; त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली. त्या पूर्ण जाग्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या साऱ्याला मला पंधरा मिनिटे लागली. धाकटी ते पाच मिनिटांत करते, रोज रात्री तीनदा, आणि मधेच मूल रडले तर त्यालाही घेते.

नौदलात मध्यरात्री बारा ते पहाटे चारच्या पाळीला मिडल वॉच म्हणतात. चार वाजले की दुसरा माणूस येतो, पाळी ताब्यात घेतो आणि पहिला जाऊन झोपतो. नाही आला तर ती गंभीर चूक समजली जाते. धाकटीची मिडल वॉच जूनपासून रोजची आहे आणि चार वाजता कोणी येत नव्हते. तिचा दादा तीन किलोमीटरवर राहत होता, दर रविवारी फळे घेऊन जात होता आणि "काही लागले तर सांग हं" असे दारातून बजावून परतत होता.

कॅफीन थकवा घालवत नाही, मित्रा. जागेपणी आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि तेच आपल्याला झोप आली असल्याचे कळवते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसते, म्हणून निरोप पोहोचत नाही, थकवा मात्र जिथल्या तिथे असतो. शिवाय ते लवकर उतरतही नाही. साधारण पाच तासांत त्यातले निम्मे शरीरातून जाते, म्हणजे तिने रात्री घेतलेल्या २०० पैकी सुमारे १०० पहाटे तीन वाजताही तिच्या अंगात होते. मी चार वाजता पुन्हा सासूबाईंना वळवले, भाच्याला थोपटले, आणि ती आता झोपू शकत असूनही टक्क जागी होती. सहा वाजता, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजत गेला तेव्हा, तिचा डोळा लागला.

तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी रात्री आम्ही जातो, कधी मी, कधी बायको. धाकटी दहा वाजता आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. पहिल्या आठवड्यात ती दोन वाजता सवयीने उठून बाहेर यायची. आता येत नाही. चहा कमी कर असे तिला कोणीही सांगितलेले नाही, पण सहा कपांचे तीन झाले आहेत.

आता तुमच्या खोक्यांबद्दल. कॉफी जहाजावर असते, चौकीवरही पोहोचते, कॅन्टीनमध्ये स्वस्तही मिळते. खोकेच पाठवायचे तर त्यात कॅफीनचे च्युइंगम मुळीच घालू नका, कारण अशी पाकिटे सुट्टीत घरी येतात, मिठाईसारखी दिसतात आणि फ्रिजवरून मुलांच्या हाती लागतात. बारा किलोच्या मुलाला दिवसाला ३६ मिलिग्रॅमच्या वर कॅफीन जाऊ नये असा हिशेब आहे. एका तुकड्यात त्याच्या जवळजवळ तिप्पट. गरोदर बाईसाठी मर्यादा २०० आहे, आणि नवरा लांब असताना गरोदरपण एकटीने काढणाऱ्या कितीतरी मुली माझ्या दुकानात येतात. साधे, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम मात्र खुशाल द्या, दातांना बरे असते. आणि पत्रे घाला, हाताने लिहिलेली. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ या सैन्याच्या टपाल कार्यालयांच्या पत्त्यावर, नौदलासाठी मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसमार्फत, ती जातात; मेहुणे तशी पत्रे घडी फाटेपर्यंत जपून ठेवतात.

पैसे गोळा झाले तर ते सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ध्वजदिन निधीला द्या. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो आणि तो निधी जखमी जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीच असतो. लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा तो लहानसा ध्वज शाळेत आपण खिशाला लावत होतो, आठवते ना?

पण मला तुमच्या मंडळाकडून खरे हवे आहेत ते हात. तुम्ही बाराजण आहात, बहुतेक निवृत्त, आणि ज्यांचा माणूस लांब आहे अशी घरे तुमच्या तालुक्यातही असणार. परस्पर दार ठोठावू नका, ओळखीच्या माणसाबरोबर किंवा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून जा, फोटो काढू नका, तो कुठे आहे हे विचारू नका. आणि "काही लागले तर सांगा" असे म्हणू नका, कारण त्या कधीच सांगत नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीनेही तीन महिने मला काही सांगितले नाही. "बुधवारी सकाळी मुलाला शाळेत मी सोडतो," "शनिवारी रात्री नऊला आम्ही दोघे येतो," असे दिवस आणि वेळ घालून म्हणा, आणि त्या वेळेला हजर राहा. एकदा जाऊन चुकलात तर त्या पुन्हा तुमच्यावर विसंबणार नाहीत.

रात्री कसे बसायचे, माणसाला कसे वळवायचे, हे लिहून समजत नाही. म्हणून येत्या शनिवारी तू इकडे ये. संध्याकाळची कदंब बस पकडलीस तर नऊच्या आत पोहोचशील; जेवण आमच्याकडे कर आणि मग आपण दोघे मिळून धाकटीकडे जाऊ. सासूबाईंना तुझी ओळख मी आधीच देऊन ठेवतो, अनोळखी हात लागला की त्या घाबरतात. उशीर झालाच तर परस्पर तिच्याकडेच ये, पण बेल वाजवू नकोस. खिडकीशी मी बसलेला असेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वास्कोचा मित्र