कोलोस्टोमी बंद करून देणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

मोठ्या आतड्याला छिद्र पडून पोटात पू पसरला, तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया करून, आतड्याचे टोक पोटावर काढून मळ पिशवीत जमा होण्याची सोय (कोलोस्टोमी) करून आपण माझा जीव वाचवलात. ते ऋण आहेच. परंतु हे पत्र विशेषतः आतडे पुन्हा जोडून ती पिशवी काढणाऱ्या दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल आणि तिच्याआधी आपण मला जे थांबायला लावलेत त्याबद्दल आहे.

पोटावरची पिशवी लवकर निघावी म्हणून मी प्रत्येक तपासणीत आर्जव करीत असे. आतली सूज ओसरून एकमेकांना चिकटलेली आतडी जरा सैल होण्यास काही महिने लागतात आणि घाई केल्यास ती सोडवताना आतड्यालाच इजा होऊ शकते, हे आपण दर वेळी तितक्याच शांतपणे समजावलेत. केसपेपरच्या पाठीवर आतड्याची दोन टोके काढून, गुदमार्गातून आत नेलेला गोल स्टेपलर ती कशी जोडतो, नंतर ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का ते कसे पाहतात, हेही आपण दाखवलेत. ते चित्र पाहिल्यावर माझी निम्मी भीती गेली. दुर्बिणीने काम होईलच असे आश्वासन मात्र आपण दिले नाहीत. चिकटलेला भाग फार निघाला तर पोट उघडावे लागेल, जोड गळण्याचा धोकाही असतो, असे स्पष्ट सांगितलेत. माझा विश्वास बसला तो या स्पष्टपणामुळेच.

सुदैवाने सारे दुर्बिणीतूनच पार पडले. वायू सरल्याचे, म्हणजेच आतडे पुन्हा काम करू लागल्याचे, मी राउंडच्या वेळी सांगितले, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद घरच्या माणसाचा होता. पिशवीच्या जागेची जखम जंतुसंसर्ग टाळण्यासाठी मुद्दाम थोडी उघडी ठेवली आहे आणि सुरुवातीला शौचास वारंवार जावे लागेल, याची कल्पना आधीच दिल्यामुळे घरी आल्यावर आम्ही घाबरलो नाही.

स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, मापाने पिशवीची चकती कापायला आणि भोवतालची त्वचा जपायला ज्या सिस्टरांनी न कंटाळता शिकवले, त्यांनाही माझे मनापासून धन्यवाद कळवावेत. पिशवी निघण्याची वाट पाहणाऱ्या एखाद्या रुग्णाला माझ्याशी बोलावेसे वाटले, तर त्याला माझा क्रमांक निःसंकोच द्यावा.

आपला ऋणी,
आपला एक रुग्ण