वर्ध्याचं पारितोषिक आणि ट्युनिसची कोठडी

लंडन, डिसेंबर २०२५

ती. आई व बाबांस,
शि. सा. न.

बाबा, फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही (भिंतीपलीकडच्या आजीबाई लगेच दार वाजवतात), म्हणून सगळं लिहूनच पाठवते. आई, तू वाचून दाखव. कंटाळा आला तर मधलं गाळ, पण बायकांचा भाग गाळू नकोस.

जमनालाल बजाजांच्या नावाचं पारितोषिक घेतल्यावर माणूस तुरुंगात कसा जातो, हा तुमचा पहिला प्रश्न. ट्युनिशियातल्या नहदा या इस्लामी पक्षाचे पुढारी राशिद घन्नूशी यांना २०१६ साली ते पारितोषिक मिळालं, भारताबाहेर गांधीविचार पसरवल्याबद्दल. पैसे त्यांनी तिथल्या रेड क्रेसेंटला (म्हणजे मुस्लीम देशांतली रेड क्रॉस) देऊन टाकले. आता त्या देणगीचाच खटला झाला आणि गेल्या महिन्यात कोर्टाने दोन वर्षं ठोठावली. आधीच्या शिक्षा वेगळ्याच: या फेब्रुवारीत २२ वर्षं, जुलैत १४. माणसाचं वय ८४. म्हणजे तुमच्याहून सहा वर्षांनी मोठे.

दुसरा प्रश्न अवघड. धर्माच्या नावावर पक्ष काढणाऱ्याला वर्ध्याच्या माणसाच्या नावाचं पारितोषिक दिलंच कसं? तुमचा धर्माच्या राजकारणावरचा राग मला ठाऊक आहे आणि तो माझ्यातही आहे. तरी ऐका.

ट्युनिशियाच्या दक्षिणेला गाबेसजवळ अल-हम्मा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १९४१ चा. तरुणपणी अरब राष्ट्रवादाचे पुढारी नासर यांचा भक्त. १९६४ मध्ये शेतकी शिकायला कैरोला गेला. पण ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बोर्गिबा आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांचं बिनसलेलं, त्यामुळे ट्युनिशियन पोरांना तिथून निघावं लागलं. मग दमास्कस, तत्त्वज्ञानाची पदवी. तिथेच १९६६ मध्ये अरब राष्ट्रवादावरचा विश्वास उडाला आणि तो धर्माकडे वळला. नंतर पॅरिस, आणि घरी परतून शाळेत तत्त्वज्ञानाचा मास्तर. मास्तर म्हटल्यावर तुम्हाला जरा माया वाटेल, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

जून १९८१ मध्ये त्यांनी राजकीय चळवळ उघडपणे जाहीर केली. पुढच्याच महिन्यात अटक, ११ वर्षांची शिक्षा. १९८४ मध्ये सुटका. १९८७ मध्ये पुन्हा अटक आणि जन्मठेप. बोर्गिबांना तीही कमी वाटली, त्यांना फाशी हवी होती. तेवढ्यात ७ नोव्हेंबरला पंतप्रधान बेन अली यांनी सात डॉक्टरांकडून दाखला घेतला, की राष्ट्राध्यक्ष म्हातारपणाने कामाचे राहिले नाहीत, आणि खुर्ची ताब्यात घेतली. डॉक्टरांच्या दाखल्यावर झालेलं हे बंड वाचून मला हसू आलं होतं. पण त्या दाखल्यापायीच घन्नूशींची मान वाचली. १९८८ मध्ये ते सुटले.

हे सौख्य वर्षभर टिकलं. १९८९ च्या निवडणुकीत पक्षाला मान्यता नव्हती म्हणून त्यांची माणसं अपक्ष उभी राहिली, आणि सरकारी आकड्यांतही त्यांना १४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. बेन अली धास्तावले. घन्नूशी आधी अल्जीरियात गेले, १९९१ मध्ये इथे लंडनला आले, १९९३ मध्ये त्यांना आश्रय मिळाला. मागे देशात हजारो कार्यकर्ते आत गेले. लष्करी न्यायालयाने १९९२ मध्ये यांनाही गैरहजेरीत जन्मठेप दिली. आता दुसरी बाजूही सांगते: १९९१ च्या फेब्रुवारीत ट्युनिसमधल्या बाब सुइका भागात सत्ताधारी पक्षाचं कार्यालय जाळलं गेलं, त्यात पहारेकरी मेला, आणि जाळणारी पोरं यांच्याच चळवळीतली होती. नेते काहीही म्हणोत, तो डाग पुसला गेलेला नाही.

लंडनची वीस वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. परदेशात पळालेला पुढारी बहुतेक वेळा कडवट होतो, नाहीतर मायदेशातल्या पोरांना लांबून चिथावत बसतो. या गृहस्थांनी वाचलं, लिहिलं, भाषणं दिली. तुरुंगात लिहायला घेतलेलं नागरी स्वातंत्र्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९९३ मध्ये बाहेर आलं. त्यात सत्तांतर, निवडणुका, विरोधी पक्ष या सगळ्यांना इस्लामी विचारात जागा करून द्यायचा खटाटोप आहे. मुली इथेच वाढल्या, इंग्रजीत लिहू लागल्या. आज वडिलांची बाजू जगापुढे युसरा मांडते. आणि मुख्य म्हणजे १८ ऑक्टोबर २००५ ला ट्युनिसमध्ये सुरू झालेल्या उपोषणातून एक आघाडी जमली, तिच्यात डावे, उदारमतवादी आणि यांची चळवळ एकत्र आली. ज्या डाव्यांना यांचं नाव घेतलं तरी झोंबायचं, त्यांच्यासोबत बसून स्त्रियांचे हक्क, श्रद्धेचं स्वातंत्र्य यांवर निवेदनं काढली. हद्दपारी नसती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

जनतेच्या उठावापुढे १४ जानेवारी २०११ ला बेन अली सौदीला पळाले. ३० तारखेला घन्नूशी परतले तेव्हा विमानतळावर हजारोंची गर्दी. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांच्या नहदा पक्षाला २१७ पैकी ८९ जागा.

आई, आता तुझा भाग. ट्युनिशियात १९५६ पासून कायद्याने बहुपत्नीत्व बंद आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये राज्यघटनेच्या मसुद्यात यांच्या लोकांनी स्त्री ही कुटुंबात पुरुषाला पूरक आहे असं घातलं. १३ ऑगस्टला, म्हणजे तिकडच्या महिलादिनीच, बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या. कलम गेलं आणि २०१४ च्या घटनेत समानता आली. माझ्या ऑफिसातली ट्युनिशियन मैत्रीण त्या मोर्चात होती. ती घन्नूशींना कधीच माफ करणार नाही, आणि मला तिचं म्हणणं पटतं. सलाफी, म्हणजे कडव्या धर्मवेड्या, टोळ्यांना त्यांनी वेळेवर आवरलं नाही, हीही तिची तक्रार रास्त आहे. २०१३ मध्ये शुक्री बेलईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले तेव्हा सरकार यांचं होतं.

पण त्या खुनांनंतर देश पेटायच्या बेतात असताना घन्नूशी पॅरिसला जाऊन जुन्या राजवटीचे मुरब्बी बेजी काईद एसेब्सी यांना भेटले आणि निवडून आलेलं सरकार सोडायला स्वतःच्या पक्षाला राजी केलं. बेन अलीच्या माणसांना निवडणूक लढवायला बंदी घालणारं कलम २०१४ मध्ये एका मताने पडलं, त्यामागेही हेच होते. ज्यांनी वीस वर्षं बाहेर ठेवलं त्यांनाच आत राहू दिलं. त्यांचे कार्यकर्ते त्यांच्यावर भयंकर चिडले. बाबा, त्या पारितोषिकाचं समर्थन करायचं तर मी एवढ्यावर करीन, बाकी कशावर नाही.

मग खुर्ची. परत येताना आपण राष्ट्राध्यक्षपद लढवणार नाही असं ते म्हणाले होते, ते पाळलंही. पण पक्षाची गादी काही सुटेना. २०२० मध्ये शंभरेक सहकाऱ्यांनी पुन्हा अध्यक्ष होऊ नका असं पत्र दिलं. नाही ऐकलं. तोवर संसदेचे सभापतीही झाले होते आणि गल्लीबोळात लोक त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. त्यामुळे २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा लोकांनी चक्क हॉर्न वाजवून आनंद केला. मैत्रिणीने मला त्या रात्रीचा व्हिडिओ दाखवला: बार्दोच्या संसदेचं लोखंडी फाटक बंद, आत लष्कर, बाहेर गाडीत ऐंशीचे सभापती बसलेले, दरवाजा उघडा म्हणून सांगताहेत आणि सैनिक मान हलवतोय. ती तेव्हा हसली होती. एप्रिल २०२३ मध्ये रमझानच्या शेवटच्या दिवसांत, रोजा सोडायच्या वेळेला त्यांना घरातून उचललं, तेव्हा नाही हसली. कारण तोवर ज्यांनी हॉर्न वाजवले त्यांच्यातलेही काही आत गेले होते. ते आता कोर्टात जात नाहीत. हा न्याय नाही, तिथे कशाला जायचं, असं म्हणतात. आणीबाणीत आत गेलेले तुमचे मित्र आठवतात ना बाबा? त्यांतले निम्मे तुम्हाला आधी कुठे पटत होते?

तर मला हा माणूस अर्धाच पटतो, आणि त्याची कैद अजिबात पटत नाही. तुम्हाला बजाज प्रतिष्ठानाला पत्र लिहायचं असेल तर मराठीत लिहा, इंग्रजी मी करून देते. देणगी रेड क्रेसेंटला गेली हे त्यात स्पष्ट येऊ द्या. आणि हयातीचा दाखला बँकेत दिलात का? नोव्हेंबर संपला, पेन्शन अडकेल.

तुमची,
मनू