‘दाहिने मूड’च्या आधी

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. शिस्तीला माझी ना नाही. ‘दाहिने मूड, बाये मूड’ माझी मुलं आजही झोकात करतात. पण जागेवर उभं राहून. पळता पळता वळायचं म्हटलं की सगळी पंचाईत.

मागे शिवणापाणी खेळताना दोघं समोरासमोर आले, एकालाही वळता आलं नाही, आणि एकाच्या भुवईला टाके पडले. त्या दिवसापासून मी मुलांचे पाय बघायला लागले. गुडघे ताठ, वेग तोच, नुसतं कमरेतून झुकायचं. मग एक तर भलामोठा वळसा, नाही तर मुरमावरून घसरगुंडी. काही जण चक्क थांबतात, वळतात आणि पुन्हा पळतात. कवायतीचा गुण, दुसरं काय!

पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून मी त्या मैदानावर मांडल्या. आधी चालत, मग दुडक्या चालीने. बाटली जवळ आली की पावलं बारीक, बूड खाली, नजर आधीच पुढच्या बाटलीवर. ‘उजवीकडे वळायला डावा पाय रोव’ म्हटलं की गोंधळ. ‘बाटलीपासून लांबचा पाय रोव आणि जमीन ढकल’ म्हटलं, चार दिवसांत जमलं. अर्थात बाटली जागची हलत नाही, अंगावर येणारा सवंगडी हलतो. म्हणून नंतर डोंगर-पाणी, विषामृत. तिथे कधी वळायचं हे आधी कुणी सांगत नाही, आणि खरं शिकणं तिथेच होतं.

जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार आपलेच. खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा धरली की खो देईपर्यंत किंवा खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. संरक्षकाला मात्र हवं तसं वळता येतं. हूल, साखळी, सगळा जीव त्या वळण्यात.

आणि हे शिकवायचं कुणी? शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तर. पहिलीला मीच. गणित मागे पडलं की खेळाचा तास खाणारीही मीच, हे कबूल करते.

मागणी फार नाही. आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तास आम्हा शिक्षकांना खुर्च्यांवरून उठवा आणि मैदानात पळवा. क्रीडास्पर्धांत पहिली-दुसरीला सरळ धावण्याऐवजी वळणांची शर्यत ठेवा. खर्च चुन्याच्या फक्कीचा.

माजी सैनिक शिकवायला येणार असतील तर आनंदच आहे. पण पहिल्या दिवशी ‘सावधान’ म्हणायच्या आधी त्यांनी मुलांबरोबर डोंगर-पाणीचा एक डाव खेळावा. पहिलं राज्य मी घेते.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका