कोकणकडा बघून गोमा आठवलं

प्रिय मित्रा,

कोकणकड्याचा फोटो पाठवलास तो रात्री बघत बसलो होतो आणि तुला हसू येईल, पण तो काळा कातळ बघून मला काँगोतलं गोमा गाव आठवलं. तू दरवेळी विचारायचास काँगोत वर्षभर काय केलंस आणि मी "काही नाही रे, हेलिकॉप्टर उडवलं" म्हणून कटवायचो. आज सांगतो.

मी गेलो 2007 ला. यूएनसाठी आपल्या एअर फोर्सची तुकडी 2003 पासूनच तिथं होती, एमआय-17 हेलिकॉप्टरला पांढरा रंग आणि त्यावर काळ्या अक्षरात यूएन. गोमा किवू तळ्याच्या काठावर, गावाची हद्द संपली की लगेच रवांडा. विमानतळच 5000 फुटांवर, हवा विरळ, त्यामुळे वजनाचा हिशोब रोज घोकायचा, आणि धावपट्टीच्या उत्तर टोकावर सरळ लाव्हा पसरलेला! 2002 च्या जानेवारीत न्यिरागोंगो ज्वालामुखी फुटला तेव्हा तो लाव्हा गावातून वाहत तळ्यापर्यंत गेला होता, आणि लोकांनी त्याच दगडाच्या भिंती रचून त्याच जागी परत घरं बांधलेली. अगदी आपल्या गावाकडच्या गडग्यांसारख्या भिंती. शाळेत दख्खनचं पठार लाव्हाचं आहे म्हणून पाठ केलं होतं, पण ते खरं कळलं तिथं.

न्यिरागोंगो 3470 मीटर. सकाळी लवकर निघालो तरच पूर्ण दिसायचा, नंतर ढगात गुडुप. रात्री मात्र आतल्या लाव्हाच्या तळ्याचा लाल उजेड वरच्या ढगांवर पडायचा, पहिल्या रात्री मला वाटलं कुठंतरी वणवा लागलाय. किवू तळं वरून इतकं शांत दिसतं, पण त्याच्या तळाशी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड कोंडलेला आहे, हे कळल्यावर त्यावरून उडताना उगाच खाली बघायचो.

पश्चिमेला वालिकालेकडं गेलं की नुसतं जंगल. कोथिंबिरीच्या जुड्या खेटून मांडल्यासारखं, तासभर, मध्ये एखादी मातकट नदी, आणि इंजिन बसलं तर उतरायला अंगणाएवढी जागा नाही. आमची खूण म्हणजे डांबरी रस्त्याचा एक सरळ तुकडा, त्यावर चक्क छोटी विमानं उतरायची, कथिलाचा कच्चा दगड भरून न्यायला.

मासिसीच्या डोंगरात उलटं, हिरवी कुरणं, गाई, आणि उतारावरून कोळशाची पोती लादलेल्या लाकडी चुकुडूवर सुसाट येणारी पोरं. (चुकुडू म्हणजे लाकडी स्कूटर समज, चाकंसुद्धा लाकडाची.) तिथं एकदा उतरताना आमच्या पंख्याच्या वाऱ्यानं एका बाईंचा वाळत घातलेला घेवडा सगळा उडाला. चूक माझीच, मी वारा बघून बाजू बदलायला हवी होती. बाई कमरेवर हात ठेवून अर्धा तास स्वाहिलीत झापत होत्या, मला त्यातला एकच शब्द कळला, "पेसा". आम्ही दोघं-तिघं गुडघ्यावर बसून दाणे वेचत होतो आणि फ्लाइट इंजिनिअर बिस्किटांचे पुडे पुढं करत होता. पुडे घेतले त्यांनी, पण झापणं थांबलं नाही.

येताना त्या लाव्हाचा एक भोकाभोकाचा तुकडा आणला होता, शोकेसमध्ये ठेवायला. आईनं हातात घेऊन उलटापालटा केला, म्हणाली वज्री बरी आहे. अजून मोरीत आहे तो. आलास की दाखवतो.

तुझाच