लुआंटीच्या कामाला हात घालण्याआधी

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा धड येत नसताना लुआंटीत काही काम करता येईल का, असं विचारलंस. येईल, भरपूर येईल. पण भाषेचा विचार नंतर कर. आधी हे डोक्यात पक्कं बसव की लुआंटी हा गेम नाही, ते इंजिन आहे, म्हणजे ज्यावर ठोकळ्यांच्या जगाचे गेम चालतात तो पाया. पेर्टू आहोला याने 2010 मध्ये माइनटेस्ट या नावाने ते सुरू केलं, आताचं नाव ऑक्टोबर 2024 पासूनचं. तू आत जाऊन जे खेळतोस, म्हणजे माइनटेस्ट गेम किंवा व्हॉक्सेलिब्रे, ते वेगळे प्रकल्प. त्यांच्या रेपो, म्हणजे कोड ठेवायच्या जागा, वेगळ्या, सांभाळणारेही वेगळे. त्यावर तू चढवलेले मॉड, म्हणजे गेममध्ये भर घालणारे छोटे जोड, आणखी तिसऱ्यांचेच.

नवखी माणसं बहुतेक इथेच अडकतात. मेंढी कुंपणातून आरपार जाते म्हणून इंजिनच्या रेपोत इश्यू, म्हणजे दोषाची तक्रार, टाकतात, तो बंद होतो आणि मग मन खट्टू होतं. दोष कोणाचा हे ठरवायची रीत सोपी आहे. सगळे मॉड बंद कर आणि नव्या वर्ल्डमध्ये (खेळातल्या जगात) तेच करून बघ. तरीही घडलं तर गेम बदल: इंजिनच्या सोर्सच्या (मूळ कोडच्या) गेम्स फोल्डरमध्ये डेव्हटेस्ट नावाचा रूक्ष, चाचणीपुरता गेम असतो, तो घे. तिथेही घडलं तर दोष इंजिनचा असण्याची शक्यता दाट. मग इश्यू लिहिताना आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, ग्राफिक्स कार्ड, नेमक्या पायऱ्या आणि डीबग डॉट टीएक्सटी या नोंदींच्या फाइलमधला संबंधित भाग दे. दहा ओळींच्या मॉडमधून तो दोष पुन्हा घडवून दाखवलास तर दुरुस्त करणाऱ्याचं अर्धं काम तिथेच होतं. माझ्या मते पहिलं योगदान असंच असावं.

तेवढा मॉड लिहिता यायलाच हवा. मॉड्स फोल्डरमध्ये एक फोल्डर, त्यात नाव सांगणारी मॉड डॉट कॉन्फ आणि लुआ भाषेतल्या कोडची इनिट डॉट लुआ, एवढंच. नवा ठोकळा, म्हणजे नोड, नोंदवताना नावाआधी मॉडचं नाव आणि कोलन लागतंच. नसेल तर इंजिन तिथल्या तिथे एरर देऊन थांबतं. ते बरं, कारण फाइल आणि ओळ दोन्ही कळतात. त्रास न बोलणाऱ्या चुकांचा. ठोकळा कसा खणायचा हे सांगणारे ग्रुप्स दिलेच नाहीत तर ठोकळा छान दिसतो, ठेवता येतो, पण काही केल्या खणता येत नाही. चाचणीसाठी डिग-इमिजिएट ग्रुपला 3 दे, लगेच निघेल. टेक्श्चरच्या, म्हणजे ठोकळ्यावरच्या चित्रांच्या, फाइलींची नावं सगळ्या मॉडमध्ये सामाईक असतात, म्हणून नुसतं स्टोन असं नाव कधी देऊ नकोस. पुढे मॉडचं नाव जोड, नाहीतर दुसऱ्याच मॉडचं चित्र तुझ्या ठोकळ्यावर चढेल.

आता बिल्ड, म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्राम तयार करणं. त्याची तयारी करणारं सीमेक चालवताना रन-इन-प्लेस चालू ठेव आणि बिल्ड टाइप डीबग दे. पहिल्यामुळे वर्ल्ड, सेटिंग सगळं सोर्सच्या फोल्डरातच राहतं. नाहीतर तुझा अर्धवट बिल्ड होम फोल्डरमधले खेळातले जुने वर्ल्ड उघडेल, आणि ते बिघडले तर परत मिळणं अवघड. उबुंटूवर लायब्ररींची डेव्ह (बिल्डला लागणारी) पॅकेजेस हवीत, नुसत्या लायब्ररी पुरत नाहीत. एखादी राहिली की सीमेक ती सापडत नाही म्हणून ओरडतं. ती टाकल्यावरही तीच एरर आली तर सीमेकने जुनं शोधलेलं लक्षात ठेवायची सीमेककॅश फाइल उडव आणि पुन्हा चालव. रॅम 4 जीबी असेल तर प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या मेकला एका वेळी दोनच जॉब (कामं) दे. आठ दिलेस तर मेमरी संपून कंपायलर मधेच मारला जातो आणि कोडमध्ये काही चुकलंय असं उगाच वाटतं. बिल्ड झाला की युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या चाचण्या) चालवायचा पर्याय देऊन एकदा चालव. कशालाही हात लावण्याआधी सगळं हिरवं आहे ना, हे माहीत हवं.

पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तुझा बदल घ्या अशा विनंतीत, एकच बदल असू दे. दोष काढता काढता शेजारच्या ओळींचं इंडेंटेशन (सुरुवातीची मोकळी जागा) सुधारायचा मोह होतो, तो आवर. इंडेंटेशन टॅबचं आहे. एडिटरने गुपचूप स्पेस घातल्या तर तीन ओळींचा बदल तीनशे ओळींचा दिसतो आणि कोणी वाचायला धजत नाही. साधारणपणे दोन कोअर डेव्हलपरांची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्यांची, मान्यता लागते आणि ही मंडळी फावल्या वेळात काम करतात, त्यामुळे थांबावं लागतंच. दरम्यान मास्टर, म्हणजे कोडची मुख्य शाखा, पुढे गेला तर रिबेस कर, म्हणजे तुझा बदल नव्या कोडवर पुन्हा मांड; मर्ज करून दोन्ही शाखा एकत्र विणू नकोस. नवं फीचर सुचलं तर कोड लिहिण्याआधी इश्यूत विचार. रोडमॅपमध्ये नसलेल्या कल्पनेला कोणी कोअर डेव्हलपरने उचलून धरलं नाही तर महिन्याभराची मेहनत पाण्यात जाते.

मराठी भाषांतराचं तुझ्या मनात असणार, म्हणून तेही सांगतो. इंजिनचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या साइटवर चालतं, भाषांतराच्या पीओ फाइली थेट बदलून पाठवायच्या नाहीत. पण त्याआधी तुझ्या बिल्डमध्ये चॅटमध्ये ‘किल्ला’ एवढाच शब्द टाइप करून बघ. शेपिंग (अक्षरं नीट जोडून मांडणं) नसलेलं इंजिन अक्षरं एकेक करून मांडतं, म्हणून पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि ‘ल्ला’ फुटून हलन्तासकट वेगळा दिसतो. तसं दिसलं तर हजार ओळी भाषांतरित करूनही वाचणाऱ्याच्या पदरात काही पडणार नाही. त्यापेक्षा आधी त्या विषयावरचे जुने इश्यू वाचून काढ. मॉडचं भाषांतर सहसा टीआर फाइलीत असतं. तिच्या सुरुवातीला टेक्स्टडोमेनची, म्हणजे भाषांतर कोणत्या मॉडचं ते सांगणारी, ओळ राहिली तर एररही येत नाही आणि भाषांतरही लागत नाही.

बिल्ड अडला तर मला लॉग (स्क्रीनवर आलेल्या नोंदी) पाठव, पण शेवटच्या वीस ओळी नकोत. दोन जॉब एकाच वेळी चालत असल्यामुळे खरी एरर बरीच वर राहून गेलेली असते. मेक एकाच जॉबवर पुन्हा चालव आणि पहिली जी एरर दिसेल तेवढीच पाठव.

तुझा,
अभय