मालक कोण, बाबा विचारतात

बाल्टिमोर,
ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ही तुझी युनिव्हर्सिटी सरकारी नाही ना, मग मालक कोण?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं, आणि तुमचं समाधान झालेलं नाही हे तुमच्या नुसत्या "बरं"वरूनच कळलं. त्यात तळमजल्यावरच्या काकूंच्या नातीला इथे मास्टर्ससाठी अर्ज करायचाय आणि काकूंनी तुमचा सल्ला मागितलाय म्हटल्यावर नीट बसून लिहायलाच हवं. खासगी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. एक साहेब, साहेबांचा ट्रस्ट, ट्रस्टचं कॉलेज आणि प्रवेशाच्या वेळी विनापावती डोनेशन.

जॉन्स हॉपकिन्सला मालक नाही. विश्वस्त मंडळ आहे, अध्यक्ष आहे, पण वर्षाअखेर शिल्लक उरली तर ती वाटून घरी न्यायची सोय कोणालाच नाही. हे झालं कायद्याचं. तुम्हाला मात्र पैसा आला कुठून ते ऐकायचं असणार, आणि ती गोष्ट निघाली रेल्वेची, म्हणजे तुमच्याच खात्यातली.

घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही १६ एप्रिल १८५३ ऐकवता. बोरीबंदर ते ठाणे, एकवीस तोफा आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. इथली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे त्याच्या पंचवीस वर्षं आधी, ४ जुलै १८२८ ला बांधायला घेतली. जॉन्स हॉपकिन्स हा किराण्याचा घाऊक व्यापारी. पुढे सावकारीत शिरला आणि या रेल्वेचे ढीगभर शेअर घेऊन बसला. लग्न केलं नाही. १८७३ मध्ये वारला तेव्हा सत्तर लाख डॉलर ठेवून गेला, निम्मे विद्यापीठाला आणि निम्मे रुग्णालयाला. विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं. पहिले अध्यक्ष गिलमन यांनी जर्मनीतला नमुना उचलला. शिकवणाऱ्याने स्वतः संशोधन करत राहायचं आणि विद्यार्थ्याने पाठांतर न करता त्यात हात घालायचा. आज ही रीत सगळीकडे आहे, पण अमेरिकेत त्या पद्धतीवर उभं राहिलेलं पहिलं विद्यापीठ हेच.

आता गंमत ऐका. विद्यापीठाच्या वाट्याचा बहुतेक पैसा रेल्वेच्या शेअरमध्येच होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेने लाभांश देणं बंद केलं आणि इकडे पगाराची पंचाईत झाली. १८८९ मध्ये रुग्णालय उघडलं, पण मेडिकल कॉलेजला पैसाच नाही. तेव्हा विश्वस्तांच्याच काही मुली पुढे आल्या. पैसे जमवतो म्हणाल्या, पण अट एक, मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा. मोठी रक्कम, तीन लाख डॉलरच्या वर, दिली मेरी गॅरेटने. आणि ही मेरी कोण? त्याच रेल्वेच्या माजी अध्यक्षाची मुलगी! तिने अजून एक मेख मारली. आधी पदवी, मगच डॉक्टरकी. १८९३ मध्ये कॉलेज उघडलं तेव्हा अठरा विद्यार्थ्यांत तीन मुली होत्या. त्याच वर्षी आपल्याकडे ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, जिथे तुम्ही अजून दुपारी पेपर चाळायला जाता.

आई, आपल्या शेजारच्या कल्याणातल्या आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. फिलाडेल्फिया इथून गाडीने फार लांब नाही. पण त्यांना बायकांच्या वेगळ्या कॉलेजात जावं लागलं, आणि इथलं हे कॉलेज निघेपर्यंत त्या राहिल्याच नव्हत्या. मेरीबाईंचं कौतुक करताना मला तेवढं खटकतं. शिवाय पदवीच्या वर्गात मुलींना इथे प्रवेश मिळाला तो १९७० मध्ये. जिथे देणारीने अट घातली तिथे दार उघडलं, बाकी आपलं बंदच.

तुला आवडेल अशी एक गोष्ट आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन, तिचे हात जंतुनाशकाने सोलवटून निघायचे. सर्जन हॉलस्टेड यांनी रबराच्या कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करून घेतले. वर्ष १८८९-९०. जंतूंचा विचार नंतर आला, आधी तिच्या हातांचा. पुढे दोघांनी लग्नही केलं. मला तुझे सिव्हिलमधले दिवस आठवले. वापरलेले हातमोजे धुवायचे, पाणी भरून कुठे भोक आहे ते बघायचं, दोरीवर वाळवायचे, आत-बाहेर पावडर लावायची, जोड्या लावून ड्रममध्ये भरायच्या. शिफ्ट संपली तरी तुझ्या बोटांना त्या पावडरीचा वास असायचा.

विद्यार्थी आहेत दोन-तीन ठिकाणी विखुरलेले. उत्तरेला होमवुड, तिथे लाल विटांच्या इमारती, हिरवळ आणि लॅक्रॉसचं मैदान. त्या खेळाचं इथे एवढं वेड का, मला अजून उमगलेलं नाही. शहराच्या मध्यभागी पीबॉडी, म्हणजे संगीत शिकणारे. पूर्वेला रुग्णालय, मेडिकल, नर्सिंग आणि आमचं सार्वजनिक आरोग्याचं स्कूल, १९१६ चं. फुकट शटल बस सुटते, त्यात एकीकडे व्हायोलिनची पेटी घेतलेली पोर आणि शेजारी रात्रपाळी करून पेंगणारा वॉर्डबॉय. २०२० मध्ये घरात कोंडून बसलेले असताना टीव्हीवर ते करोनाचे जगभराचे आकडे दिसायचे ना, लाल ठिपक्यांचा नकाशा? तो इथल्याच प्राध्यापक लॉरेन गार्डनर आणि त्यांच्या विद्यार्थ्याने केलेला.

रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत घुमटाखाली संगमरवरी येशू उभा आहे, जवळजवळ दोन माणसांएवढा उंच, १८९६ पासून. येणारेजाणारे त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावून जातात. पायाशी फुलं, घडी घातलेल्या चिठ्ठ्या. परवा एक हिजाब घातलेली बाई आली, पर्स खांद्यावर सावरली, दोन बोटं अंगठ्यावर टेकवली आणि लिफ्टकडे गेली. कर्मचारीही लावतात हात. आई, तू आलीस की तुला पहिल्यांदा तिथेच नेणार.

आता कौतुक पुरे. बाबा, मालक नाही म्हणजे सगळं आलबेल असं नाही. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाची कृष्णवर्णीय बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी इथे आली. त्या काळी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे वॉर्ड असत. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत मरेनात, वाढतच राहिल्या. पोलिओच्या लशीपासून कितीतरी कामं त्यांच्यावर झाली. ती त्याच वर्षी गेली आणि घरच्यांना कळलं वीसेक वर्षांनी. तिच्या नावाची इमारत बांधायचं २०१८ मध्ये जाहीर झालं. व्हिव्हियन थॉमस यांचंही तसंच. हृदयाच्या दोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया इथे २९ नोव्हेंबर १९४४ ला झाली. प्राण्यांवर प्रयोग करून तंत्र बसवलं होतं थॉमसनी, ते सर्जनच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे घ्यायचा ते सांगत होते. कृष्णवर्णीय, मेडिकलची पदवी नाही, आणि आधीच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या नोकरीत तर कागदोपत्री हुद्दा सफाई कामगाराचा. मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ मध्ये.

रुग्णालयाभोवतीची वस्तीही कृष्णवर्णीयांची. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, दाराशी संगमरवरी पायऱ्या. त्या पायऱ्या घासून लख्ख ठेवायच्या, हा बाल्टिमोरच्या बायकांचा मान. पण कितीतरी घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. १९५० मध्ये शहरात साडेनऊ लाख माणसं होती, आता सहा लाखही नाहीत. २००० नंतर रुग्णालयाच्या उत्तरेला मोठा पुनर्विकास झाला आणि शेकडो कुटुंबं उठली. त्यांना पैसे मिळाले, काहींना बरी घरंही मिळाली, पण शेजार मोडला तो मोडलाच. आपल्याकडे क्लस्टर पुनर्विकासाच्या सभांमध्ये जे ऐकू येतं तेच इथल्या म्हाताऱ्या बायका बसस्टॉपवर बोलतात. विद्यापीठाने स्वतःचं पोलीस दल काढायचं ठरवलं तेव्हा २०१९ मध्ये विद्यार्थी आणि रहिवासी प्रशासनाच्या इमारतीत महिनाभर ठिय्या देऊन बसले होते. राज्यात सगळ्यात जास्त खासगी नोकऱ्या देणारीही हीच संस्था. त्यामुळे शिव्या देणाऱ्याच्या घरातलं कोणी ना कोणी इथेच कामाला असतं.

आणि पैशाचं अजून एक. खासगी म्हणायचं खरं, पण संशोधनाचा बराचसा खर्च वॉशिंग्टनहून येतो. संशोधनावर वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या वर खर्च होतो. अमेरिकेत १९७९ पासून या बाबतीत पहिला नंबर यांचाच, त्यात संरक्षण आणि अवकाशाची कामं करणाऱ्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा. सरकारने हात आखडला की काय होतं ते यंदा मार्चमध्ये पाहिलं. परदेशी मदतीचा निधी बंद झाला, ऐंशी कोटी डॉलर गेले आणि दोन हजारांवर माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातली बहुतेक दुसऱ्या देशांत, बाळंतपण, क्षयरोग, एचआयव्ही अशा कामांवर होती. बाबा, तुम्ही विचारलं नाहीत पण झोप उडाली असणार. माझा पगार दुसऱ्या ग्रँटवर आहे आणि ती पुढच्या वर्षभरासाठी हातात आहे. त्यापुढचं इथे कोणीच सांगू शकत नाही. रेल्वेतल्यासारखी पर्मनंट ही भानगड आमच्या नशिबी नाही.

आता काकूंच्या नातीचं. पदवीच्या मुलांची फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे आहे. ब्लूमबर्ग नावाच्या माजी विद्यार्थ्याने, जे न्यूयॉर्कचे महापौर होते, २०१८ मध्ये पदवीच्या मुलांच्या मदतीसाठी १.८ अब्ज डॉलर दिले. २०२४ मध्ये अजून एक अब्ज दिले, त्यातून तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मेडिकलच्या मुलांची फी माफ झाली. हे ऐकून काकू हरखतील, पण त्यांना सांगा, मास्टर्सला अशी सरसकट फीमाफी नाही. मास्टर्स म्हणजे बहुतेकांना खिशातून किंवा कर्ज काढून. पीएचडीचं उलटं आहे, तिथे फी भरायची नाही, वर विद्यावेतन. पीएचडीच्या मुलांनी २०२३ मध्ये युनियन केली आणि २०२४ च्या करारात किमान ४७ हजार डॉलर पदरात पाडून घेतले. हे वाचून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसणार, कारण मजदूर युनियनच्या गेट मीटिंगा तुम्ही गाजवल्यात.

माझं मत विचाराल तर तिने घर गहाण ठेवून येऊ नये. आमच्या स्कूलचं नाव मोठं आहे, शिकवतात उत्तम, पण नोकरीची खात्री आत्ता कोणी देत नाही, आणि रुपयातलं कर्ज डॉलरमधली नोकरी धरून काढायचं हा जुगार आहे. दोन वर्षं तिथेच एखाद्या आरोग्य प्रकल्पावर काम करून मग थेट पीएचडीला अर्ज कर म्हणावं. आणि तरी यायचंच असेल तर शनिवारी रात्री साडेआठला मला फोन करू दे, इथे सकाळचे अकरा वाजलेले असतात. काकूंचा नको, तिचा स्वतःचा फोन येऊ दे.

आई, चेसापीकच्या चिंबोऱ्या चेंदणीतल्या चिंबोऱ्यांना हरवतात का, हे तू विचारलंस. मला तरी नाही वाटत. हे लोक वाफवून त्यावर तिखटसर मसाला भुरभुरवतात आणि टेबलावर कागद पसरून लाकडी हातोड्याने फोडत बसतात. खोबऱ्याचं वाटण नाही, काही नाही. तू आलीस की माझ्याच स्वयंपाकघरात करू.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की लगेच कळवा. गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस. आणि बाबा, सोसायटीच्या सभेला तुम्ही जाच. बिल्डरने करारनाम्याचा मसुदा दिला की पानन् पान फोटो काढून मला पाठवा. मी वाचून सांगेपर्यंत सही करू नका, सेक्रेटरी कितीही घाई करोत.

तुमची,
मंजू